सज्जतेची किंमत कोणी मोजायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाची संहिता)



८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, फेदर नदीच्या खोऱ्यात, विजेच्या एका मनोऱ्यावरचा लोखंडी आकडा झिजून तुटला. ती वीजवाहिनी १९२१ सालची आणि आकडाही शंभरीला टेकलेला. खाली गवत वाळलेले, वारा सुसाट. दिवस मावळण्याच्या आत पॅराडाइज हे पंचवीस-सव्वीस हजार वस्तीचे गाव जवळजवळ संपूर्ण बेचिराख झाले. ८५ माणसे मेली, १८ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. मृतांमध्ये वृद्धांचे प्रमाण मोठे होते. कित्येकांचे अवशेष घरातच सापडले, काहींचे रस्त्यावर अडकलेल्या मोटारीत. वाहिनीची मालक पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक ही खासगी कंपनी. जून २०२० मध्ये तिने न्यायालयात ८४ जणांच्या निष्काळजीपणाने झालेल्या मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. दंड झाला सुमारे ३५ लाख डॉलर. कंपनी ही कायद्याच्या कागदावरची व्यक्ती असल्यामुळे तुरुंगात कोणीच गेले नाही.

वणव्यातील विषवायू आणि त्यावरील उपचार हा आजचा विषय. त्याची सुरुवात वीजकंपनीपासून करण्याचे कारण पुढच्या वर्षीच्या घटनांत आहे. एप्रिल २०१९ मध्ये फेडरल न्यायाधीश विल्यम ऑलसप यांनी या कंपनीला बजावले, की वाहिन्यांलगतची झाडे कायद्यानुसार छाटली जाईपर्यंत भागधारकांना लाभांश देऊ नये. लाभांश आणि झाडांची छाटणी यांत आजवर कोणाला अग्रक्रम मिळत होता, हे त्या हुकमावरून कळते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वारे सुटले तेव्हा कंपनीने सोपा मार्ग काढला. वाहिन्या सुरक्षित होईपर्यंत वीजच बंद! एका खेपेला वीस लाखांहून अधिक माणसे अंधारात गेली. राज्याच्या नियमांत त्याला मुभा होती, आणि त्या परिस्थितीत ते अगदीच चूक होते असेही म्हणता येत नाही. परंतु त्यातून एक धोका टळला आणि दुसरा ग्राहकाच्या दारात येऊन उभा राहिला.

वीज गेली की लोक पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर लावतात. कोणाच्या घरी श्वसनयंत्रावरचा रुग्ण असतो, कोणाची इन्सुलिन शीतपेटीत असते, कोणाला विहिरीचा पंप चालवायचा असतो. चोरीची भीती आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास, म्हणून यंत्र गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली ठेवले जाते. अशा एका जनरेटरमधून शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, असे अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाचेच सांगणे आहे. त्या देशात या यंत्रांमुळे वर्षाकाठी सरासरी शंभरएक माणसे मरतात. हा वायू कमी सोडणारी यंत्रेच बाजारात यावीत असा नियम आयोगाने २०१६ मध्ये प्रस्तावित केला. उत्पादकांनी स्वतःचे ऐच्छिक मानदंड पुढे केले, आणि २०२३ मध्ये आयोगाला प्रस्ताव नव्याने मांडावा लागला. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये कडाक्याच्या थंडीत वीजव्यवस्था कोलमडली. ऊब मिळवण्यासाठी लोकांनी जनरेटर, कोळशाच्या शेगड्या, मोटारींची एंजिने यांचा आश्रय घेतला, आणि या एका विषवायूची बाधा झालेले हजारांहून अधिक लोक रुग्णालयांत आले. संकट वणव्याचे असो की हिमाचे, शेवटचा घाव अनेकदा हाच वायू घालतो.

ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पटींनी अधिक ओढ या वायूची आहे. प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि सहजासहजी सोडत नाही. पेशींच्या आतील श्वसनप्रक्रियेतही तो अडथळा आणतो. डोके दुखते, मळमळते, भोवळ येते. घरातल्या सगळ्यांना एकदम फ्लू झाला असावा असे वाटते. बोटाला लावायचे प्राणवायू मोजणारे यंत्र आता घरोघरी पोहोचले आहे, ते येथे फसवते. विषबाधित रक्तालाही ते प्राणवायूने भरलेले समजते आणि ९८ टक्के असा आकडा दाखवते. खरे प्रमाण कळण्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. शिवाय शुद्धीवर आलेला माणूस बरा झाला असे मानता येत नाही. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, स्मृती, चाल आणि स्वभाव बिघडू लागतो.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. वणव्यापासून पन्नास-शंभर कोसांवरील शहरावर जो धूर पसरतो, त्यातील मुख्य शत्रू हा वायू नव्हे. तो उघड्या हवेत लवकर विरतो. दूरवरच्या लोकांची फुफ्फुसे आणि हृदये सूक्ष्म धूलिकणांनी बिघडतात, आणि त्यावर या व्याख्यानातील उपचाराचा काही उपयोग नाही. कार्बन मोनॉक्साइड गाठतो तो आगीला भिडलेल्यांना: ज्वाला विझल्यावर धुमसती खोडे उकरणारा अग्निशामक मजूर, धुराने भरलेल्या घरात किंवा मोटारीत अडकलेला वृद्ध, आणि अंधारात जनरेटर लावून झोपलेले कुटुंब. जळत्या घरांतील प्लॅस्टिक आणि गाद्यांमधून सायनाइडही निघते, त्याचा उपचार निराळा.

ही विद्या जन्मली ती कामगारांच्या प्रेतांपाशी. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन ५७ खाणकामगार मेले. शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी मृतदेह तपासून दाखवून दिले, की बहुतेकांचा बळी स्फोटाने घेतलाच नव्हता. स्फोटानंतर खाणीत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी बरोबर न्यावेत, लहान जीव आधी कोसळतो आणि माणसाला इशारा मिळतो, ही सूचना त्यांचीच. ब्रिटनच्या खाणींत हे पक्षी १९८६ पर्यंत नोकरीला होते. हाल्डेन स्वतःच्या शरीरावर हा वायू हुंगून प्रयोग करीत. आदल्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी उंदीर दोन वातावरणांच्या दाबाखालील प्राणवायूत ठेवला. तेथे कार्बन मोनॉक्साइडने त्याचे हीमोग्लोबिन निकामी होऊनही तो जगला. दाब वाढवला की प्राणवायू हीमोग्लोबिनची वाट न पाहता रक्तद्रवातच विरघळतो, हे त्यामागचे मर्म. (याच हाल्डेन यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन. विचाराने मार्क्सवादी असलेला हा जीवशास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात आला, येथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारला. बापाबरोबर खाणीत उतरतच त्यांचे बालपण गेले होते.)

उंदरापासून माणसापर्यंत यायला पासष्ट वर्षे लागली. १९६० मध्ये ग्लासगोत स्मिथ आणि शार्प या डॉक्टरांनी स्वयंपाकाच्या कोळसावायूने बाधित झालेल्या रुग्णांना दोन वातावरणांच्या दाबाखाली प्राणवायू दिला आणि गुण आल्याचे नोंदवले. त्याच सुमारास ॲमस्टरडॅममध्ये बोएरेमा या शल्यवैद्याने जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी काढून घेतलेली डुकरे उच्च दाबाच्या कक्षात जिवंत ठेवून दाखवली. आजचा उपचार याच तत्त्वावर चालतो. पोलादी किंवा पारदर्शक कक्षात रुग्णाला ठेवायचे, दाब अडीच ते तीन वातावरणांपर्यंत न्यायचा आणि शुद्ध प्राणवायू द्यायचा. साध्या हवेत रक्तातील विष निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. नाकातोंडावर घट्ट मुखवटा लावून शुद्ध प्राणवायू दिला तर सुमारे सव्वा ते दीड तास. दाबकक्षात वीस-तेवीस मिनिटे.

हे आकडे ऐकून कोणालाही वाटेल, की मग वाद कसला? पण वाद आहे, आणि तो लपवून प्रचार करणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. विष लवकर उतरले म्हणजे मेंदू वाचलाच असे होत नाही. १९९९ मध्ये मेलबर्न येथील १९१ रुग्णांच्या चाचणीत दाबकक्षाचा काही फायदा दिसला नाही. परंतु त्यातले निम्म्याहून अधिक रुग्ण महिन्याने फेरतपासणीला आलेच नाहीत. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत डॉ. वीव्हर यांनी १५२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. चोवीस तासांत तीन वेळा दाबकक्षात ठेवलेल्यांपैकी २५ टक्क्यांना सहा आठवड्यांनी स्मृती व आकलनाचे दोष राहिले. साधा प्राणवायू मिळालेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. फरक लहान नव्हे. तरीही पुढील आढाव्यांनी पुरावा निर्णायक नसल्याचेच म्हटले. आजची समजूतदार भूमिका अशी, की शुद्ध प्राणवायू प्रत्येकाला, तत्काळ आणि जागच्या जागी. आणि बेशुद्ध झालेला रुग्ण, गर्भवती स्त्री, हृदयावर वा मेंदूवर परिणाम दिसणारा रुग्ण यांच्याबाबत दाबकक्षाचा विचार, तोही लवकर.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०१८ मध्ये पुरावा तपासून ठरवले, की इंग्लंडमध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या बाधेसाठी हा उपचार नित्याच्या खर्चात धरायचा नाही. पाणबुड्यांच्या दाबविकारासाठी मात्र तो चालू ठेवला. हा निर्णय काहींना कठोर वाटला, आणि त्यावर मतभेद असू शकतात. पण तो कारणे देऊन, कागदपत्रे खुली ठेवून घेतला गेला. ज्यांना तो पटत नाही त्यांना जाब विचारायला एक संस्था आहे, एक मंत्री आहे. अमेरिकेत हाच निर्णय कोणीही घेतलेला नाही. तेथे तो आपोआप झाला. कसा झाला, हे पाहणे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला उद्बोधक आहे.

अमेरिकेत दाबकक्ष थोडे नाहीत. १ एप्रिल २००३ पासून मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विमायोजनेने मधुमेहाने पायाला झालेल्या, न भरणाऱ्या जखमांसाठी ठरावीक अटींवर या उपचाराचे पैसे द्यायला सुरुवात केली. त्यानंतर रुग्णालयांच्या आवारात जखमकेंद्रे उगवली. आता दोन रुग्ण शेजारी ठेवून पाहा. मधुमेही रुग्णाला तीस-चाळीस बैठका लागतात. तो ठरलेल्या वेळी, दिवसा, स्वतःच्या पायांनी येतो. प्रत्येक बैठकीचे बिल होते. त्याला एका माणसापुरती पारदर्शक नळी पुरते, बाहेर एक तंत्रज्ञ आणि हाकेच्या अंतरावर एक डॉक्टर असला की काम भागते. विषबाधित रुग्ण येतो रात्री दोन वाजता. तो बेशुद्ध असतो, श्वसनयंत्रावर असतो, त्याच्यासोबत परिचारिकेला आत बसता येईल असा मोठा कक्ष लागतो आणि अतिदक्षतेचे प्रशिक्षण घेतलेली माणसे लागतात. बैठका मात्र एक ते तीन. अशा रुग्णासाठी वर्षाचे तीनशेपासष्ट दिवस, रात्रपाळीसह, पगारी माणसे तयार ठेवायची म्हणजे व्यवस्थापकाच्या वहीत निव्वळ तोटा. कोणीही दुष्ट नसतो. कोणी दारावर “विषबाधितांना प्रवेश नाही” अशी पाटी लावत नाही. फक्त संध्याकाळी पाचला कुलूप लागते. चोवीस तास गंभीर रुग्ण घेणारी केंद्रे त्या देशात एकूण केंद्रांच्या तुलनेत अगदी मोजकी उरली आहेत, आणि याविषयी तेथील दाबवैद्यकाचे जाणकार गेली अनेक वर्षे तक्रार करीत आहेत.

बाजारपेठ केलेल्या कामाचे पैसे देते. काम पडेल म्हणून तयार राहण्याचे देत नाही. हा बाजाराचा अपघाती दोष नव्हे, ती त्याची घडणच आहे. अग्निशामक दलाचा बंब दिवसचे दिवस उभा असतो म्हणून नगरपालिका त्याला तोट्यातला म्हणत नाही. त्या उभे राहण्याचाच पगार त्याला मिळतो, आणि म्हणूनच विझवलेल्या आगींच्या संख्येवर त्याचा खर्च मोजला जात नाही. सज्जता ही सामाजिक वस्तू आहे. तिचा लाभ ज्याला कधीच बाधा झाली नाही त्यालाही असतो, पण तिचे बिल मात्र त्याच्या नावाने फाडता येत नाही. प्रत्येक रुग्णालय एकटे हिशेब करते तेव्हा रात्रपाळी बंद करणे शहाणपणाचे ठरते. सगळी रुग्णालये शहाणी झाली, की अख्ख्या प्रांतात रात्री एकही कक्ष उघडा राहत नाही. वणव्याच्या दिवसांत धुरामुळे हेलिकॉप्टर उडत नाही, रस्ते बंद असतात, आणि कक्ष दोनशे मैलांवर. मग वीस मिनिटे आणि दीड तास यांतल्या फरकाला अर्थ उरत नाही.

हे असे होणे अपरिहार्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. लॉस एंजेलिसच्या समोर समुद्रात सांता कॅटलिना बेट आहे. तेथे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सागरी केंद्रात १९७४ पासून एक दाबकक्ष चोवीस तास सज्ज असतो. तो पाणबुडीच्या अपघातांसाठी आहे. विद्यापीठ, परगण्याची तातडीची वैद्यकीय यंत्रणा, पाणबुड्यांच्या वर्गण्या आणि पाळीपाळीने येणारे स्वयंसेवक यांच्या बळावर तो चालतो. येथे जखमांच्या बैठका नाहीत, नफा नाही. ज्यांना धोका आहे त्यांनीच एकत्र येऊन सज्जतेची किंमत मोजली. समुद्रात हौसेने उतरणाऱ्यांची अशी संघटना होऊ शकते. वणव्यात नोकरीसाठी उतरणाऱ्यांची का होत नाही, याचे उत्तर त्यांच्या मजुरीत सापडते.

कॅलिफोर्नियातील वणवे विझवणाऱ्यांत तुरुंगातील कैद्यांच्या तुकड्या अनेक दशकांपासून आहेत. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसभोवती पॅलिसेड्स आणि ईटन हे वणवे भडकले तेव्हा हजाराच्या घरात कैदी आघाडीवर होते. हातात कुदळी आणि करवती, काम ज्वालांपुढची झाडी कापून पट्टा मोकळा करण्याचे. रोजचा मोबदला काही डॉलर, आणि प्रत्यक्ष आगीवर असताना तासाला एक डॉलर अधिक. ऑक्टोबर २०२५ मध्ये कायदा होऊन आगीवरील कामासाठी तासाला ७.२५ डॉलर हा संघराज्याचा किमान दर मान्य झाला. राज्यातील सर्वसाधारण किमान वेतन याच्या दुपटीहून जास्त आहे, हेही लक्षात ठेवावे. कैदी असोत की मोकळे हंगामी मजूर, रानातल्या आगीवर हे लोक पाठीवर हवेची टाकी घेऊन जात नाहीत. दिवसभराच्या चढणीला ते ओझे आणि तेवढी हवा परवडत नाही. तोंडाला रुमाल असतो, फार तर कणरोधक मुखवटा. तो धूलिकण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. खिशात मावेल असा वायुमापक आणि ठरावीक प्रमाण ओलांडले की तुकडी मागे घेण्याचा अधिकार असलेला मुकादम, एवढ्यानेही पुष्कळ साधते. त्याला दाबकक्षाच्या किमतीचा एक लहानसा अंशही लागत नाही. कॅनरीची जागा यंत्राने घेतली, पण पक्षी कोसळल्यावर मागे फिरण्याचा हुकूम कोणी द्यायचा हा प्रश्न तसाच राहिला.

आणि नेमके याच काळात दाबकक्षाची दुसरी बाजारपेठ अमेरिकेत फोफावली. कांती उजळते, थकवा जातो, आयुष्य वाढते अशा जाहिरातींखाली खासगी दुकानांतून कक्षांच्या बैठका विकल्या जातात. जानेवारी २०२५ मध्ये मिशिगनमधील ट्रॉय येथे अशा एका खासगी केंद्रात कक्षाला आग लागून पाच वर्षांचे मूल दगावले. धडधाकट श्रीमंताला प्राणवायूची कोठी गल्लीत मिळते, आणि धुराने गुदमरलेल्या मजुराला ती जिल्ह्यातही मिळत नाही. दोन्ही गोष्टी मागणी-पुरवठ्याच्या एकाच नियमाने घडतात.

कॅलिफोर्निया दूर असली तरी वणव्यावर पाठवला जाणारा हंगामी मजूर आपल्याकडेही आहे. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजूर मृत्युमुखी पडले. रोजंदारीवरची माणसे, हातात झाडाच्या फांद्या किंवा हवा फेकणारे यंत्र. मुंबईत कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात दाबकक्ष आहेत, ते पाणबुड्यांसाठी उभारलेले. मोठ्या शहरांत काही खासगी केंद्रेही आहेत. गोंदियाच्या रानातून बेशुद्ध मजूर तेथे वेळेत पोहोचवण्याची कल्पना करणे व्यर्थ आहे. म्हणून प्रत्येक जिल्ह्याला दाबकक्ष अशी मागणी कोणी केली तर ती टाळ्यांची मागणी होईल, कामाची नव्हे. कामाच्या मागण्या साध्या आहेत. वणव्यावर जाणाऱ्या प्रत्येक तुकडीबरोबर प्राणवायूचे नळकांडे, घट्ट बसणारा मुखवटा आणि तो लावता येणारा माणूस असावा. तुकडीत एक वायुमापक असावा. ग्रामीण रुग्णालयात रक्तातील कार्बन मोनॉक्साइड मोजण्याची सोय असावी. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरने महाराष्ट्रातील शहरांत माणसे मरतात, तेव्हाही हीच तपासणी लागते. जंगलासाठी मागितलेली सोय शहरालाही कामी येईल. आणि राज्यात दोन-तीन ठिकाणी, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, रात्रपाळीसह चालणारा दाबकक्ष असावा. त्याचा खर्च उपचार केलेल्या रुग्णांच्या संख्येवर नव्हे, तर उघड्या ठेवलेल्या तासांवर अंदाजपत्रकात मांडलेला असावा.

फाल्गुन संपता संपता वणव्यांचा हंगाम सुरू होतो. त्याआधी आपापल्या तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारता येतील: यंदा आगीवर किती हंगामी मजूर घेणार, त्यांचा विमा उतरवला आहे का, आणि प्राणवायूची नळकांडी किती आहेत. उत्तर लेखी मागावे.